विज्ञानकथेत हसू कुठे अडतं

मुंबईतल्या शिवडीत बीडीडी चाळींच्या १२ इमारती आहेत. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी अशा चार ठिकाणी मिळून २०७ इमारती बांधल्या. तळमजला आणि वर तीन मजले, मधून अंधारा कॉरिडॉर, दोन्ही बाजूंना साधारण १६० चौरस फुटांच्या खोल्या, आणि मजल्यामागे सामायिक संडास. पुनर्विकासाची वेळ आली तेव्हा वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग (म्हणजेच जुना डिलाईल रोड) या तीन ठिकाणची कामं पुढे सरकली. शिवडी मागे पडली, कारण चाळींखालची जमीन पोर्ट ट्रस्टची, म्हणजे केंद्राच्या अखत्यारीतली. इमारत एका सरकारची, जमीन दुसऱ्या सरकारची आणि राहणारी माणसं दोघांच्या फायलींच्या मधे. हे चित्र डोळ्यांसमोर ठेवून डग्लस ॲडम्सची ‘द हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी’ वाचायला घ्यावी. १९७८ साली बीबीसी रेडिओवर मालिका म्हणून सुरू झालेली ही गोष्ट १९७९ मध्ये कादंबरी म्हणून आली आणि विनोदी विज्ञान कादंबरी म्हटलं की आज जगभर पहिलं नाव तिचंच निघतं. तिच्या सुरुवातीला एका साध्या माणसाचं घर बाह्यवळण रस्त्यासाठी पाडायला बुलडोझर आलेला असतो. नकाशे रीतसर जनतेसाठी लावले होते, असं त्याला सांगितलं जातं. लावले होते ते तळघरात, जिथे कुणी जाणारच नाही अशा जागी. थोड्याच वेळात आकाशात परग्रहवासीयांची यानं येतात आणि अख्खी पृथ्वी अंतराळातल्या बाह्यवळणासाठी पाडायची आहे, असं जाहीर करतात. त्यांचेही नकाशे रीतसर लावलेले असतात, दुसऱ्या एका ताऱ्याजवळच्या कचेरीत. शिवडीच्या वाचकाला हा विनोद समजावून सांगावा लागत नाही. २१.८ किलोमीटर लांबीचा अटल सेतू १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झाला, तो याच शिवडीतून समुद्रावर उतरतो. नोटीस, हरकतींची मुदत, पात्र-अपात्र, संक्रमण शिबिर हे शब्द इथे शाळकरी पोरांनाही ठाऊक असतात.

पण याच मालिकेतलं तिसरं पुस्तक, १९८२ चं, त्याच वाचकाच्या हातात दिलं तर तो बऱ्याच पानांवर नुसता थांबून राहतो. तिथला मुख्य विनोद क्रिकेटवर आहे. एका भीषण आकाशयुद्धाची आठवण माणसाच्या मनात कुठेतरी खोल राहिली आणि इंग्रजांनी तिचा खेळ करून टाकला, त्यामुळे बाकीच्या विश्वाला हा खेळ असभ्य वाटतो, अशी ती कल्पना. आता क्रिकेट न कळल्यामुळे इथे हसू येत नाही, असं तर म्हणता येणार नाही. शिवाजी पार्क शिवडीहून फार लांब नाही आणि गिरणगावात गल्लीगल्लीत टेनिस बॉलच्या स्पर्धा भरत आल्या आहेत. हसू येत नाही ते दुसऱ्या कारणानं. तो विनोद खेळावर नाहीच. तो आहे इंग्रज माणूस त्या खेळाभोवती जी मंद, सभ्य, चहापानाची हवा तयार करतो तिच्यावर. त्या हवेखाली कत्तल दडलेली आहे, या विरोधात त्याची गंमत. आपल्याकडे क्रिकेट मंद नाही आणि सभ्यतेचं प्रतीक तर मुळीच नाही. तो आरडाओरड्याचा, पैजेचा, पोटतिडकीचा खेळ आहे. म्हणजे वस्तू ओळखीची असून भागत नाही, त्या वस्तूकडे बघण्याची सवयही ओळखीची असावी लागते. जॉन स्काल्झीच्या ‘रेडशर्ट्स’ला २०१३ साली ह्यूगो पुरस्कार मिळाला. तिचा सगळा डोलारा ‘स्टार ट्रेक’ या जुन्या अमेरिकन मालिकेत लाल शर्टातली दुय्यम पात्रं भागाभागाला मरतात, या एका गोष्टीवर उभा आहे. ज्यानं ती मालिका घरी जेवता जेवता पाहिली त्याला पहिल्या प्रकरणापासून हसू फुटतं. ज्यानं पाहिली नाही त्याला एक बऱ्यापैकी रहस्यकथा मिळते.

इथेच या प्रकाराची मूळ अडचण दिसते. विनोदाला आधीची ओळख लागते. सासू, कारकून, भटजी, मास्तर यांच्याबद्दल सांगणारा आणि ऐकणारा दोघांच्या मनात जे आधीच असतं त्याला धक्का लागला की हसू येतं. विज्ञानकथा नेमकं उलटं करते. ती वाचकाला अनोळखी जगात सोडते आणि तिथले नियम त्याला एकेक करून शिकवते. जो नियम आत्ताच शिकवला तो मोडला म्हणून कुणी हसत नाही. त्यामुळे विनोदी विज्ञानकथा लिहिणाऱ्याला दोन उलट दिशांना एकाच वेळी चालावं लागतं, आणि बहुतेक फसगत इथेच होते. मराठीचा इतिहास या बाबतीत विशेष बोलका आहे. आपल्याकडे विनोदाची परंपरा मजबूत, विज्ञानकथेची परंपरा शंभर वर्षांहून जुनी. तरी दोन्हींचं लग्न फारच थोड्या वेळा लागलं.

याचं एक सोपं कारण नेहमी दिलं जातं: मराठी वाचकाला परलोक, परग्रह, यंत्रमानव यांची सवय नाही, त्याची करमणूक घरगुती आणि पाय जमिनीवर. हे कारण टिकत नाही. गिरणगावातल्या कामगारानं लालबागच्या हनुमान थिएटरात तमाशा पाहिला, परळच्या दामोदर हॉलमध्ये नाटकं पाहिली, चाळीच्या पटांगणात लोकनाट्यं पाहिली. त्या सगळ्यांत स्वर्ग, पाताळ आणि यमपुरी हे अगदी राबते पत्ते होते. शाहीर साबळ्यांचं ‘यमराज्यात एक रात्र’ हे मुक्तनाट्य नावापासूनच दुसऱ्या लोकात घडतं. चित्रगुप्ताची वही, यमाचा दरबार, हेल्यावरून येणारे दूत हे सगळं दिसलं की प्रेक्षक हसायला तयार होऊनच बसायचा, कारण चित्रगुप्त म्हणजे आपल्या मुकादमाचा किंवा रेशन कार्यालयातल्या कारकुनाचा थोरला भाऊ आहे, हे त्याला पहिल्या वाक्यात उमगायचं. भुतांचंही तसंच. ‘एक डाव भुताचा’ (१९८२) आणि ‘झपाटलेला’ (१९९३) या चित्रपटांतल्या भुतांना लोक आजही नावानिशी ओळखतात. मराठी भुताला जात आहे, झाड आहे, अपुरी इच्छा आहे, मानपान आहे. म्हणजे अद्भुताची अडचण कधीच नव्हती. अद्भुताला आपल्या समाजात एक जागा, एक दर्जा, एक नातं मिळालं की मराठी माणूस त्याला मनापासून हसतो. यंत्रमानवाला ती जागा मिळाली नाही, हा प्रश्न आहे.

जागा का मिळाली नाही, हे समजायला सुरुवातीपर्यंत मागे जावं लागतं. १९०० च्या सुमारास कृष्णाजी नारायण आठल्ये यांच्या ‘केरळ कोकिळ’ मासिकात ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाचं मराठी रूप ‘चंद्रलोकची सफर’ या नावानं येऊ लागलं, आणि मराठी विज्ञानकथेचा इतिहास सांगणारे बहुधा तिथूनच सुरुवात करतात. व्हर्नची मूळ कादंबरी १८६५ ची, आणि ती आधी विनोदी आहे, मग वैज्ञानिक. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्यामुळे बाल्टिमोरच्या तोफखाना मंडळाचे सदस्य बेकार झाले आहेत. कुणाला लाकडी पाय, कुणाला हाताच्या जागी आकडा. मंडळात दर चौघांमागे धड एक हातही उरलेला नाही, असा हिशोब लेखक मांडतो. शांतता या माणसांना असह्य झाली आहे. मारायला शत्रू उरला नाही म्हणून ते चंद्रावर तोफ डागायचं ठरवतात. युद्धखोरीवर याहून नेमकी टीका त्या काळात थोड्यांनीच केली असेल. पण ही टीका ज्या वाचकाला उद्देशून होती त्यानं यादवी युद्ध वर्तमानपत्रांत वाचलेलं होतं, तोफा विकून गब्बर झालेले कारखानदार त्याला माहीत होते. १९०० च्या मराठी वाचकाकडे यातलं काही नव्हतं. अनुवाद शब्दाला शब्द चोख केला असता तरी त्याच्यापर्यंत पोचणार होतं ते तोफगोळ्यातून चंद्राकडे जाण्याचं नवल, आणि त्यामागचं गणित. म्हणजे मराठीत विज्ञानकथा ज्या बोटीनं आली त्याच बोटीत तिचं हसू होतं. बंदरावर उतरलं ते फक्त नवल. पुढे नाथमाधवांची ‘श्रीनिवासराव’ (१९०८) आली, श्री. बा. रानडे यांची ‘तारेचे हास्य’ आली. दुसरीच्या नावातच हास्य आहे, तरी विनोदी कथा म्हणून तिची आठवण कुणी काढत नाही.

व्हर्नला मराठीत खरा हसरा माणूस भेटला तो भा. रा. भागवतांच्या रूपानं. ‘बालमित्र’ मासिक चालवणारे, पुढे फुरसुंगीच्या बनेश फेणेला जन्म देणारे भागवत मुलांसाठी व्हर्न मराठीत आणत होते. धूमकेतूवर अडकलेल्या माणसांच्या कादंबरीला त्यांनी नाव दिलं ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’. या दोन शब्दांवर थोडं थांबायला हवं. ‘मुक्काम’ म्हटल्याबरोबर मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे पोस्टकार्ड येतं: मुक्काम पोस्ट अमुक, तालुका तमुक, जिल्हा रत्नागिरी. गिरणगावातल्या हरेक खोलीतून गावाला जाणाऱ्या मनीऑर्डरवर हा शब्द लिहिलेला असायचा. तो शब्द सूर्याभोवती भरकटणाऱ्या शेंडेनक्षत्राच्या मागे लावला की एका फटक्यात तो धूमकेतू कोकणातल्या वाडीइतका ओळखीचा होतो, आणि ओळखीचा झाल्यामुळेच हसवतो. इथे काही शिकवावं लागलं नाही. त्याच मूळ कादंबरीत जिब्राल्टरच्या तुकड्यावर उरलेले इंग्रज अधिकारी जग फुटलं तरी आपला बुद्धिबळाचा डाव सोडत नाहीत आणि लंडनहून हुकूम यायची वाट बघत बसतात. तो विनोद मराठीत आणायला कुठलाच अडथळा नव्हता, कारण दीडशे वर्षं इंग्रज अधिकारी जवळून पाहिलेला हा समाज होता. एकाच लेखकाचा एक विनोद बंदरावर हरवतो आणि दुसरा थेट घरात येतो, तो एवढ्याच फरकामुळे.

भागवतांची वाट मुलांच्या पुस्तकांपुरती राहिली. मोठ्यांच्या वाचनात नवल आणि हसू यांचे कप्पे वेगळे झाले. अनंत अंतरकरांनी ‘हंस’बरोबर ‘नवल’ आणि ‘मोहिनी’ ही मासिकंही काढली: गूढ, अद्भुत, वैज्ञानिक ते ‘नवल’मध्ये, विनोदी ते ‘मोहिनी’त. संपादक म्हणून हा निर्णय शहाणपणाचाच होता, वाचकाला काय हवं ते त्याला नेमकं मिळायचं. पण त्यातून लेखकांनाही सवय लागली. दिवाळी अंकांतही तेच: ‘आवाज’च्या खिडक्या उघडायच्या त्या हसण्यासाठी, ‘धनंजय’ उघडायचा तो रहस्य, भय आणि विज्ञानासाठी. दोन वेगळ्या रांगा, दोन वेगळे स्टॉल म्हणा ना. मग १९६६ साली मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली आणि तिच्या विज्ञानकथा स्पर्धांनी या प्रकाराला प्रथमच प्रतिष्ठा दिली. १९७४ साली जयंत नारळीकरांनी ‘नारायण विनायक जगताप’ हे टोपणनाव घेऊन, आपलं अक्षर कुणी ओळखू नये म्हणून पत्नीच्या हस्ताक्षरात ‘कृष्णविवर’ ही कथा स्पर्धेला पाठवली आणि ती पहिली आली, हा प्रसंग मराठी वाङ्मयाच्या इतिहासात कायमचा राहील. त्या स्पर्धेचं ऋण मोठं आहे. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर अशी एक भक्कम पिढी त्याच सुमारास उभी राहिली. पण परिषदेचं काम विज्ञानप्रसाराचं होतं, आणि त्या कामाबरोबर कथेला मास्तरांची खुर्ची मिळाली. खुर्चीवरून सांगितलेला विनोद बहुतेक वेळा गोळीवरच्या साखरेसारखा असतो: आतलं औषध गिळलं जावं म्हणून वर लावलेला.

साखरेचा हा थर कसा विरघळतो ते एका नमुन्यावरून दाखवता येईल. समजा एका कथेत घरकामाला यंत्रमानव आणला आहे. बाई त्याला म्हणतात, ‘चहा टाक’, आणि तो पातेल्यातला चहा मोरीत फेकून देतो. पहिल्यांदा वाचताना ओठ हलतात. मग कुणी ‘पाहुण्यांना पाणी दाखव’ म्हणतं आणि तो तांब्या दाखवून परत नेतो. तिसऱ्या चुकीला वाचक पान उलटतो. मराठी वाक्प्रचार चपखल निवडले म्हणून काही बिघाड टळत नाही, कारण चूक करणाऱ्याचं काहीच पणाला लागलेलं नाही. हीच चूक नव्यानं मुंबईत आलेल्या, चाळीत मामाकडे उतरलेल्या पोरानं केली असती तर गोष्ट पुढे गेली असती: मामी काय म्हणाली, शेजारच्या खोलीत ते कसं पसरलं, पोराचं नाक कसं कापलं गेलं. पोराला लाज आहे, मामीला अब्रू आहे, शेजाऱ्यांना उत्सुकता आहे. यंत्राला यातलं काही नाही आणि लेखकानं त्याला ते दिलेलंही नाही. त्याचं लक्ष भाषेचं आकलन यंत्राला का जमत नाही हे पुढच्या परिच्छेदात समजावण्याकडे लागलेलं आहे. चि. वि. जोशींचा चिमणराव हसवतो तो त्याच्या चुकांमुळे कमी आणि चूक झाकण्याच्या धडपडीमुळे जास्त. विज्ञानकथेतल्या विनोदात चूक असते, धडपड नसते.

विज्ञानातून मराठी हसू उगवू शकतं याचा पुरावा मात्र शिवडीतच आहे, आणि तो कुठल्या पुस्तकात नाही. १९३० च्या दशकात लीव्हर कंपनीनं शिवडीत कारखाना उभा केला. तिथे साबण बनू लागला आणि वनस्पती तूपही. १९३७ साली ‘डालडा’ बाजारात आला. दादा नावाच्या डच व्यापारी कंपनीच्या नावात लीव्हरचं ‘ल’ घालून हे नाव घडवलं होतं, पण कानाला ते अगदी देशी वाटलं. यामागचं विज्ञान त्या काळात नवंकोरं होतं. धातूच्या बारीक चुऱ्याच्या मदतीनं सेंद्रिय पदार्थांत हायड्रोजन मिसळण्याच्या पद्धतीबद्दल पॉल साबातिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला १९१२ चं नोबेल मिळालं होतं. तापवलेल्या पातळ तेलात निकेलची पूड आणि हायड्रोजन वायू, की थंड झाल्यावर हाताशी पांढरं, दाणेदार, तुपासारखं काहीतरी. पिवळ्या डब्यावर हिरवं ताडासारखं झाड. हा डबा घराघरात गेला, रिकामा झाल्यावर त्यात गव्हाचं पीठ राहिलं, पुढे गंजल्यावर गॅलरीत तुळस लागली. आणि या रसायनावर लोक हसले. निकेलवर किंवा हायड्रोजनवर हसणारं कुणी नव्हतं. लोक हसले ते पंगतीत वरणभातावर पडणाऱ्या तुपाच्या धारेकडे संशयानं बघणाऱ्या व्याह्यावर, साजूक म्हणून डालडा वाढणाऱ्या यजमानावर, शुद्धतेच्या अभिमानावर. ‘डालडा’ हा शब्द नकली या अर्थानं बोलण्यात रुळला तो याच वाटेनं. मराठी पंगतीत तूप हे खाद्य कमी आणि मोठेपणाचं माप जास्त होतं. विज्ञानानं त्या मापात भेसळ करून दाखवली आणि मोठेपणा उघडा पडला. विनोदी विज्ञानकथेला जे करायचं असतं ते हेच. नवी वस्तू स्वतः हास्यास्पद नसते. ती जुन्या सवयीवर पडते तेव्हा सवय हास्यास्पद दिसते.

मराठीत हे सर्वांत नेमकं साधलं ते नारळीकरांनी, ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत. तिचं इंग्रजी रूप ‘द ॲडव्हेंचर’ या नावानं एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात आल्यामुळे देशभरातली मुलं ती वाचतात. पण तिचं हसू पुरतेपणी कळतं ते मराठी वाचकालाच. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अपघातानंतर अशा जगात जागे होतात जिथे १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर विश्वासरावांना लागलेली गोळी कानाजवळून निघून गेली आणि मराठे जिंकले. ते जिजामाता एक्स्प्रेसनं मुंबईला येतात, तर मुंबई अजून ईस्ट इंडिया कंपनीची. टाउन हॉलच्या ग्रंथालयात बसून ते इतिहास तपासतात. इथवर ही चांगली पर्यायी इतिहासकथा आहे. हसू येतं ते आझाद मैदानावर. तिथे एक व्याख्यान चाललेलं असतं आणि व्यासपीठावरची अध्यक्षांची खुर्ची रिकामी. गंगाधरपंतांनी आयुष्यात ९९९ सभांचं अध्यक्षस्थान भूषवलेलं आहे. हजारावी सभा समोर आहे आणि खुर्ची मोकळी. ते जाऊन बसतात आणि बोलू लागतात. पण या जगात लोकांनी अध्यक्ष ही संस्थाच रद्द केलेली असते. टोमॅटो, अंडी, आणि मग गर्दी व्यासपीठावर. पुंजयामिकी, समांतर विश्व ही सगळी यंत्रणा इथे एका गोष्टीसाठी कामाला लागली आहे: हार, नारळ, शाल, प्रास्ताविक, परिचय, आणि अध्यक्षीय समारोप सुरू होताना चपला शोधणारे श्रोते, ही आपली सभा बाहेरून एकदा दिसावी म्हणून. ‘उजव्या सोंडेचा गणपती’ या त्यांच्या कथेतही हेच कौशल्य आहे. मोबियस पट्टीसारख्या पिळातून गेलेली वस्तू आरशातल्यासारखी उलटते, हे भूमितीचं तत्त्व. पण उलटणारी वस्तू म्हणून त्यांनी निवडला गणपती. लालबाग-परळमध्ये मूर्ती ठरवायला गेलेलं माणूस आधी सोंड बघतं. उजव्या सोंडेच्या गणपतीचं सोवळं कडक, हे त्याला आजीनं सांगितलेलं असतं. त्यामुळे डावं-उजवं हा गणिताचा फरक इथे आपोआप घरातला प्रश्न होतो.

यावर एक आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. इतका स्थानिक विनोद शिळा होणार नाही का? पंगती उठल्या, बुफे आले, डालड्याचा डबा दिसेनासा झाला. उद्या अध्यक्षीय भाषणंही जातील. मग त्यापेक्षा सार्वत्रिक विनोदच बरा. पण सार्वत्रिक म्हणून ज्यांची नावं घेतली जातात त्यांच्याकडे बघितलं तर वेगळं दिसतं. दुसऱ्या शतकातल्या लुसियननं चंद्रावरच्या राजाचं आणि सूर्यावरच्या राजाचं युद्ध रंगवलं. आज आपण ते हसत वाचतो, कारण दूरदेशी जाऊन आल्याच्या थापा मारणारा प्रवासी त्याचं लक्ष्य आहे आणि तसा प्रवासी प्रत्येक गावात असतो. ज्या विशिष्ट ग्रंथकारांना त्यानं चिमटे काढले ते मात्र आता टीपा वाचून समजून घ्यावे लागतात. पोलंडच्या स्तानिस्लाव लेमनं ‘सायबेरियाड’मध्ये यंत्रमानवांनाच राजे, सरदार आणि कारागीर केलं, परीकथेचा जुना सांगाडा वापरल्यामुळे कुठल्याही देशातल्या वाचकाला तिथले मानपान लगेच कळतात. त्यातलं एक यंत्र ‘न’ या अक्षरानं सुरू होणारी कुठलीही वस्तू बनवू शकतं, आणि त्याला ‘नास्ति’ बनवायला सांगितल्यावर जगाचा घात होऊ लागतो. पोलिश, इंग्रजी आणि योगायोगानं मराठी, तिन्ही भाषांत नकाराला ‘न’ च आहे, हे आपलं भाग्य. लुसियन किंवा लेम यांनी स्थानिक सवय टाळली नाही. त्यांनी अशी सवय शोधली जी बऱ्याच स्थानिकांकडे आहे. ॲडम्सच्या पाडकामाच्या नोटिसीचंही तेच, म्हणून ती इंग्लंडमधल्या खेड्यातून थेट शिवडीला लागू पडते. काही विनोद शिळे होतील हे खरंच, पण जो मुळात कुणाचाच नव्हता तो ताजा असतानाही हसवत नाही.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे, आणि त्यात तथ्य आहे. ज्या समाजात करणी, मुहूर्त आणि फलज्योतिष यांचा पगडा आहे तिथे विज्ञानकथेनं आधी दृष्टी द्यावी, हसवण्याचं काम दुसऱ्यांनी करावं. नारळीकरांनी फलज्योतिषाविरुद्ध आयुष्यभर बाजू मांडली; त्यांच्यासारख्या माणसाकडे विनोदाचा हिशोब मागणं अन्यायाचं वाटू शकतं. पण मराठीत दृष्टी देण्याचं काम विनोदानं विज्ञानकथेच्या आधीपासून केलं आहे. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी ‘सुदाम्याचे पोहे’मध्ये बंडूनाना आणि पांडूतात्या यांना बरोबर घेऊन कर्मकांडाची, ग्रहांच्या भीतीची जी वासलात लावली तिच्यात व्याख्यान नव्हतं. तिथे तर्क होता, तो पात्रांच्या वेडेपणातून वाचकाला स्वतःच सापडत होता. प्रबोधन आणि हसू यांत निवड करायची वेळ मराठी लेखकावर खरं तर कधी आलीच नव्हती. कप्पे वेगळे झाले आणि ती निवड आपोआप केल्यासारखी झाली, एवढंच. गंगाधरपंतांच्या कथेतही हे जाणवतं. आझाद मैदानावरून परतल्यावर राजेंद्र देशपांडे हा गणितज्ञ त्यांना घडल्या प्रकाराचा शास्त्रीय अर्थ समजावतो, आणि त्या पानांत हसू थांबतं. ते थांबलं म्हणून कथा वाईट होत नाही; नारळीकरांना तो अर्थ सांगायचाच होता आणि तो त्यांनी सुबोध सांगितला. फक्त वाचकाच्या मनात टिकतो तो समीकरणांचा भाग नव्हे, रिकामी खुर्ची.

आणि नारळीकरांनाही ते कळलं असणार, कारण कथेचा शेवट त्यांनी त्या खुर्चीवरच आणला आहे. आपण दुसऱ्या जगात जाऊन आलो हे पटल्यावर गंगाधरपंत बाकीचं सगळं बाजूला ठेवून एकच गोष्ट करतात. पानिपतावरच्या ज्या परिसंवादाचं अध्यक्षस्थान त्यांनी स्वीकारलेलं असतं, त्याच्या आयोजकांना ते दिलगिरी कळवतात. हजारावं अध्यक्षीय भाषण आझाद मैदानावर होऊन गेलं आहे.